खालचा माग थांबला तेव्हा

परीक्षक माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बाई, कुठली गाडी पकडायची होती का?"

सभागृहात पंधरा-वीस माणसं असतील. ती सगळी हसली. माझ्या मागे उभ्या असलेल्या सात बायका मात्र हसल्या नाहीत आणि मी पेटीच्या भात्यावर हात ठेवून तशीच बसून राहिले. मला खरंच कळलं नव्हतं ते काय म्हणताहेत. मग त्यांनी समजावून सांगितलं. गाणं छान सुरू झालं, सूर चांगले होते, पण दुसऱ्या कडव्यापासून तुम्ही जे पळत सुटलात ते शेवटपर्यंत पळतच राहिलात. "लय म्हणून काही राहिलीच नाही," ते म्हणाले. आवाज अगदी गोड होता त्यांचा.

ही पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सोलापुरात पूर्वभागात, एका मागवाल्याच्या घराच्या माडीवर माझा गाण्याचा क्लास होता, अजूनही आहे. खाली शेडमध्ये दोन यंत्रमाग, त्यांवर टॉवेल निघायचे. वर माझी खोली, तिच्यात सतरंजी, पेटी आणि एक कुरकुरणारा पंखा. मालक तेलुगू बोलणारे, सत्तरीकडे झुकलेले, मागावर आयुष्य गेल्यामुळे कानाने अर्धे गेलेले. मी वर जाताना ते हात वर करायचे आणि मी मान हलवायची, एवढाच आमचा व्यवहार. अकरा वर्षांत मी त्यांच्या चालू शेडमध्ये पाय ठेवला नव्हता. त्या आवाजाचा मला राग होता. गाण्याच्या क्लासाखाली हा खडखडाट म्हणजे माझ्या नशिबाची चेष्टा आहे असं मी येईल त्याला सांगायचे.

लयीबद्दल मला आधीच एक जुनी जखम आहे, तेही सांगून टाकते. विशीत असताना माझ्या गुरुजींनी भर क्लासात मला सांगितलं होतं, तुझा गळा चांगला आहे पण तुझ्या अंगात लय नाही, तू शिकवण्याच्या भानगडीत पडू नकोस. मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं आणि हट्टाने शिकवायलाच लागले. मैफली केल्या नाहीत, तबलजींच्या नादाला लागले नाही. मोबाईलमधला तबलासुद्धा माझ्या क्लासात चालायचा नाही. "ताल हातात हवा, डबीत नको," असं मी ठणकावून सांगायचे, आणि मांडीवर हात आपटत ताल द्यायचे. सातही जणी त्या हातावर अकरा वर्षं बिनचूक गायल्या होत्या. गुरुजी चुकले होते, याचा तो रोजचा पुरावा होता.

म्हणून त्या स्पर्धेला मी छाती काढून गेले होते. गावातलीच समूहगान स्पर्धा, फक्त बायकांची. नियम असा की तालवाद्य नाही, पेटी आणि हाताची टाळी एवढंच. मला तर तो नियम माझ्यासाठीच केल्यासारखा वाटला. आणि तिथे हे झालं.

बाहेर आल्यावर रिक्षा मिळेपर्यंत मी त्या बायकांना फुटपाथवर उभं करून झाडलं. घाबरलात, घाई केलीत, माझ्या हाताकडे लक्ष नव्हतं तुमचं, असं काय काय बोलले. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. त्यांच्यात मालकांची सूनही होती, तिशीतली, सावळी, फारसं न बोलणारी. ती एकटीच माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं असं आज वाटतं. तेव्हा मला ती नजर उद्धट वाटली आणि मी तिलाच जास्त बोलले.

एक बरं होतं. संघ पाचच आले होते, त्यामुळे पाचही पुढच्या फेरीत घेतले. पुढची फेरी पंधरा दिवसांनी, आणि तिथे गाणं नवं हवं, चाल स्वतः बांधलेली.

दुसऱ्या दिवशी क्लासात तेच गाणं पुन्हा घेतलं. काय सांगू, सुईच्या नाकातून दोरा जावा तसं गेलं. एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं. "बघितलंत? येतंय ना? मग काल काय धाड भरली होती?" पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा घेत होतो आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर खालचा माग बंद पडला.

एरवी एक थांबला तरी दुसरा चालू असायचा. त्या आठवड्यात एक माग दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता, त्यामुळे जो होता तोही थांबल्यावर एकदम शांत झालं. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, मग मालक धागा जोडतात आणि पुन्हा चालू करतात, एवढं मला ठाऊक होतं. आम्ही गात राहिलो. आणि त्या शांततेत मला माझा हात ऐकू आला.

तो पळत होता. माझा स्वतःचा हात माझ्या मांडीवर, उतारावर सोडलेल्या सायकलसारखा, पुढे पुढे पुढे. मी त्याला धरायला गेले तर तो एकदम मागे पडला, मग पुन्हा पळाला. बायकांचे आवाज माझ्यामागे धडपडत होते, कोणी पुढे, कोणी मागे. आठ-दहा सेकंदांत गाणं विस्कटून बंद पडलं. खाली मालकांनी माग चालू केला. खटक-खट, खटक-खट. आणि कोणी काही न सांगता एका बाईने, नकळतच, बरोबर त्या ठेक्यावर तोंडातल्या तोंडात पुढची ओळ धरली.

मी विचारलं, "हे काय होतं?"

मालकांची सून म्हणाली, "बाई, खाली बंद पडलं की आपलं सुटतं."

"म्हणजे?"

"म्हणजे आमी मशीनवरच गातो की. फरशी हालते न्हवं, ती पायाला कळते."

"आणि माझा हात?"

तिने बाकीच्यांकडे बघितलं. सगळ्या सतरंजीचे धागे मोजण्यात गुंतल्या होत्या. मग ती अगदी हळू म्हणाली, "हाताकडं बघितलं की चुकतंय, बाई. म्हणून आमी बघतच न्हाय. नव्या बाईला पण आमीच सांगतो, हाताकडं बघू नको, पायाकडं ध्यान ठेव म्हणून."

मला कानशिलात बसल्यासारखं झालं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा वर्षं ठाऊक होतं. मी समोर बसून मांडीवर हात आपटत होते आणि त्या माझ्याकडे तोंड करून, माझा मान राखत, जमिनीचं ऐकत होत्या. मी मागावर गात होते हे मला कधीच कळलं नसतं, कारण आठवड्यातून ज्या दिवशी माग बंद, त्या दिवशी क्लासही बंद. त्या दिवशी लाईट जाते, पंखा चालत नाही, सोलापूरच्या उन्हात माडीवर कोण बसणार? आमचा वार्षिक कार्यक्रमसुद्धा त्याच खोलीत, खाली माग चालू असताना व्हायचा. अकरा वर्षांत आम्ही पहिल्यांदा शांततेत गायलो ते परीक्षकांसमोर.

मी क्लास सुटला असं जाहीर केलं आणि पेटी झाकायचीही विसरून घरी गेले.

चार दिवस क्लास घेतला नाही. निरोप पाठवला की घसा बसलाय. घसा ठणठणीत होता. मी घरी खुर्चीत बसून घड्याळाच्या टिकटिकीवर टाळी देऊन बघायचे, मग कान बंद करून टाळी चालू ठेवायचे, आणि कान उघडले की टाळी भलतीकडेच पोचलेली असायची. दर वेळी. गुरुजींवरचा राग आता कुठे ठेवायचा तेही कळेना. एक मात्र स्पष्ट कळत होतं, की ज्या बाईला लय नाही आणि ज्या बाईकडे शिष्या बघतही नाहीत, तिने क्लास चालवायचा कशाच्या जिवावर? स्पर्धेतून नाव काढायचं, आणि मग हळूहळू क्लासही बंद करायचा, असं मी ठरवत आणलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी मालकांना तसं सांगायला गेले. मालक शेडमध्ये होते, माग चालू होता, बोलणं शक्य नव्हतं. त्यांनी मला एका स्टुलावर बसायची खूण केली. स्टूल, जमीन, मालकांच्या भुवया, सगळ्यावर कापसाची लव बसली होती. आतून तो आवाज वरच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. पण राग येईना. आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात होता आणि टॉवेल पाव पाव इंचाने पुढे सरकत होता. मी बघत बसले. बसल्या बसल्या, सवयीने, ओठांवर ओळ आली. स्पर्धेसाठी मी शब्द लिहून ठेवले होते, 'दारात आलं कवळं ऊन', अशी साधीच ओळ, पण तिला चाल सुचत नव्हती. ज्या चाली सुचल्या त्या सगळ्या कुठेतरी ऐकल्यासारख्या वाटत होत्या. मी गुणगुणले, 'दारात आलं…'

आणि माग थांबला.

माझा आवाज थांबला नाही. ताल पायाखालून गेला तसा आवाज 'आलं'वरच अडकला, पंचमावर. उतरायला जागाच नव्हती. मी दचकले होते आणि दचकल्यामुळेच की काय तो सूर वर सरकला, कोमल निषादावर गेला, तिथे हेलकावला, आणखी थोडा वर जाऊन परत आला. मी गात नव्हते, मी वाट बघत होते, माग कधी चालू होतोय याची. मालक शांतपणे तुटलेलं टोक शोधत होते. मग एकदम खटका पडला, माग सुरू झाला, माझ्या छातीत धस्स झालं आणि उरलेली ओळ, 'कवळं ऊन', धपकन खाली येऊन षड्जावर बसली.

मी स्टुलावरून उठलेच. हे काय होतं? हे माझ्याच तोंडातून आलं होतं? मी पुन्हा म्हणायला गेले, चालू मागावर. आलं नाही. ठेक्यात बसवलेलं, इस्त्री केलेलं काहीतरी आलं. ते नको होतं मला. मला ते लोंबकळणं हवं होतं, तो धक्का हवा होता. म्हणजे माग पुन्हा थांबायला हवा होता. मी परत बसले, आणि जी बाई अकरा वर्षं हा माग बंद पडावा म्हणून देवाला सांगत होती, ती आता एक धागा तुटावा म्हणून देव पाण्यात घालून बसली.

अर्धा तास काही तुटलं नाही. मालकांना वाटलं मी तक्रार घेऊन आलेय आणि आवाज थांबायची वाट बघतेय. त्यांनीच माग बंद केला आणि मोठ्याने विचारलं, "काय काम हाय का, बाई?"

"धागा का तुटत नाही हो?" मी ओरडून विचारलं.

त्यांना ऐकण्यात चूक झाल्यासारखं वाटलं असणार. मी परत ओरडले. त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, घसा बसलेला नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, आणि अभिमानाने म्हणाले, "आज सूत चांगलं हाय. सांजच्यापर्यंत तुटायचं न्हाय बगा."

मग मी क्लास बंद करण्याबद्दल बोललेच नाही. मी त्यांना हाताने खुणा करून, ओरडून, सांगितलं की माग मध्येच थांबवा आणि तुम्हाला वाटेल तेव्हा चालू करा, मला सांगू नका. त्यांना ते काय कळलं देव जाणे. पण त्यांनी ते केलं. सहा-सात वेळा केलं. कधी लगेच चालू केला, कधी नाकावरचा चष्मा पुसेपर्यंत वेळ लावला. दर वेळी माझा आवाज त्या पोकळीत वेगळ्या वाटेने गेला आणि दर वेळी मी दचकून खाली आले. तिसऱ्या खेपेला दारात त्यांची सून येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत ऐकत राहिली. माग चालू झाला तसं ती पुढे आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, हे बसवू की आपण."

"मला ताल देता येत नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं ते, आणि तेही ओरडून, कारण माग चालू होता.

"मी देते की," ती म्हणाली.

चाल दोन दिवसांत उभी राहिली. सगळ्या जणी सरळ ठेक्यात गाणार, 'दारात आलं'वर टाळी थांबणार, मी एकटी वर जाणार, आठ मात्रांनी टाळी पुन्हा पडणार आणि सगळ्या मिळून खाली येणार. टाळी सूनबाईची. तिनेच हट्ट धरला की मागाच्या सुट्टीदिवशी क्लास घ्यायचा, शांततेत. घेतला. पंखा बंद, घामाच्या धारा, ओले रुमाल डोक्यावर. तिची टाळी तासभर चालली आणि तासभर एका जागी राहिली. मी तोंडात बोट घालायचं बाकी होतं. ही बाई अकरा वर्षं माझ्यासमोर मागच्या ओळीत बसत होती आणि मी तिला एकदाही ताल दे म्हणून सांगितलं नव्हतं.

सगळं जमत होतं, मी सोडून. ती मनात आठ मोजायची आणि टाळी द्यायची, आणि मी दर वेळी एक तर आधीच खाली आलेली असायचे, नाहीतर वरच टांगलेली. दहा वेळा घेतलं, दहा वेळा चुकलं. मी चिडले, रडकुंडीला आले. "तुमी मोजू नका," ती म्हणत राहिली. पण न मोजून कसं चालणार? टाळी तर आठव्यालाच पडणार होती. शेवटी मी म्हटलं, ती जागाच काढून टाकू, सरळ गाऊ. सातही जणी एका आवाजात "न्हाय" म्हणाल्या. माझ्याशी त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या.

स्पर्धेच्या दिवशी मी शाळेतल्या पोरीसारखी घाबरले होते. तेच सभागृह, तेच परीक्षक. मी पेटीशी बसले, हात पेटीवरच राहतील याची काळजी घेत. मांडीला हात लागू द्यायचा नाही असं मनाला बजावलं होतं. सूनबाई माझ्या समोर, ओळीच्या टोकाला उभी राहिली. तिची टाळी सुरू झाली. गाणं उठलं. एकेक कडवं नीट, आपल्या चालीने चाललं. मग ती जागा आली, टाळी थांबली, सभागृह एकदम रिकामं झालं आणि मी वर गेले.

मी मोजायला लागले होते. एक, दोन, तीन. आणि निषादावर पोचल्यावर मोजणं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. भीतीनेच गेलं असणार. मला कुठे आहे ते कळेना. आवाज मात्र जात होता, क्लासात कधी गेला नव्हता तिथे, वरच्या षड्जाला हात लावून परत. आठ होऊन गेले असणार, कधीच होऊन गेले असणार, आता टाळी पडेल आणि मी अधांतरी सापडेन, त्याच माणसांसमोर, दुसऱ्यांदा. माझे कान त्या टाळीकडे लागले होते. टाळी पडली नाही. माझा श्वास संपत आला, सूर आपोआप उतरायला लागला आणि मी खाली टेकले त्याच क्षणी टाळी पडली. सात आवाज माझ्याबरोबर खाली आले. मी एवढी दचकले की पेटीवरची पुढची पट्टी चुकीची दाबली, ती कोणाच्या लक्षातही आली नाही.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षक उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, ती मधली थांबलेली जागा फार सुंदर, ती किती मात्रांची बांधलीत? मी म्हटलं, आठ. ते म्हणाले, आठ नव्हत्या बाई, मी मोजत होतो, पण आम्हाला नाही सांगायचं तर नका सांगू. आणि हसत निघून गेले.

बाहेर व्हरांड्यात बायका चहा पीत होत्या. मी सूनबाईला बाजूला ओढलं.

"आठ झाल्यावर टाळी का दिली नाहीस?"

"तुमी वरच होता की."

"मग किती थांबलीस?"

"ते काय ठाव न्हाय बाई," ती म्हणाली. "मोजलंच न्हाय. तुमच्या तोंडाकडं बघत होते."

मी तिथेच, चहाच्या टेबलाशी, सगळ्यांदेखत रडले.